गरिबाच्या दाराशीं

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे मंदिराच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोठून आणिली, कोणकोणते धर्मगुरु येथें होऊन गेले, ह्याचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे. आणि तो योग्यच होय. परंतु धर्मग्रामाचा आणखी एक इतिहास असतो, तो कोणत्याहि शिळेवर कोरलेला नसतो. कोणाच्या घरीं चूल पेटत नव्हती आणि ती कोणीं पेटविली, हा तो इतिहास. संत विन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद हें काम गाजावाजा न करितां करीत आले आहेत. त्यांच्या संस्थेचा उगम कसा झाला, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडावें असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८३२ सालीं पॅरिस शहरांत पटकीची भयंकर सांथ आली व तींत १८,००० हून अधिक माणसें दगावलीं. कर्ता पुरुष गेल्यामुळें कित्येक कुटुंबें उघड्यावर पडलीं. त्या काळीं विद्यापीठांतील कांहीं कॅथॉलिक तरुण एका चर्चामंडळांत जमून इतिहासावर वादविवाद करीत. त्यांत फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी प्रमुख होता. एकदां प्रतिपक्षाच्या एका तरुणानें टोमणा मारिला कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं असतील, पण आज तुम्ही काय करीत आहां? हा प्रश्न ओझानामच्या जिव्हारीं लागला. ह्याचें उत्तर वादानें देतां येणार नाहीं, हें त्यानें ओळखिलें. तो व त्याचा एक मित्र ह्यांनीं हिवाळ्यासाठीं आणिलेल्या सरपणांतलें उरलेलें लांकूड उचललें आणि एका गरीब कुटुंबाच्या घरीं स्वतः नेऊन पोंचविलें.

पुढें २३ एप्रिल १८३३ रोजीं पहिली सभा भरली. त्याच दिवशीं ओझानामला वीस वर्षें पुरीं झालीं. सहा विद्यार्थी आणि त्यांना वडिलांच्या ठिकाणीं असलेले संपादक एमान्युएल बायी, असे सात जण एका वृत्तपत्राच्या कचेरींत जमले. पैसा थोडा, अनुभव त्याहूनहि थोडा. तेव्हां ते मुफतार ह्या दरिद्री वस्तींत राबणाऱ्या भगिनी रोझाली रांदू ह्यांच्याकडे गेले. संत विन्सेंट द पॉल ह्यांनीं १६३३ सालीं स्थापिलेल्या दयाभगिनींच्या संघांतल्या त्या होत्या. त्यांनीं गरजू कुटुंबांचीं नांवें सांगितलीं, वांटण्यासाठीं पावाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाचें गाऱ्हाणें धीरानें ऐकून घेण्यास ह्या तरुणांस शिकविलें.

संस्थेची रीत साधी होती व अद्याप तीच आहे. कुटुंबें वांटून घ्यावयाचीं, त्यांच्या घरीं नियमानें जावयाचें, आणि शक्यतों दोघांनीं मिळून जावयाचें. सभेच्या शेवटीं एक पिशवी फिरते. ज्याच्यापाशीं पुष्कळ आहे त्याचा हात तींत जातो व ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं त्याचाहि जातो; कोणीं किती टाकिलें हें कोणास कळत नाहीं. तसेंच कोणीं किती घेतलें हेंहि बाहेर जात नाहीं. भिक्षा काय, खिडकींतून खालीं टाकतां येते. भेट द्यावयाची तर जिना चढावा लागतो. तो चढणाऱ्यास केवळ भाकरीची उणीव दिसत नाहीं, तर मुलाची राहिलेली शाळा, बापाचा गेलेला रोजगार व म्हातारीचें एकटेपणहि दिसतें.

सभासदांची संख्या शंभरावर गेली तेव्हां मंडळाच्या शाखा कराव्या, असें ओझानामनें सुचविलें. मित्रांस ताटातूट रुचेना, वाद झाले. परंतु १८३५ सालीं विभागणी झाली, व गरिबाच्या शेजारच्या धर्मग्रामांतच शाखा असावी ही पद्धत रूढ झाली. मग १८३६ सालीं रोम, १८४४ सालीं लंडन व डब्लिन, १८४५ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई, असा विस्तार होत गेला.

परंतु ज्याला घरच नाहीं, त्याच्या घरीं भेट द्यावी तरी कशी? हा प्रश्न ऑस्ट्रेलियांत ठळकपणें पुढें आला. १८५१ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें व देशोदेशींचे लोक लोटले. मेलबर्न शहरांत घरें पुरेनात. शहराबाहेर तंबूंची वस्ती पसरली. पुरुष सोन्याच्या शोधांत गेले, आणि कित्येकांचीं बायकामुलें मागें निराधार राहिलीं. अशा वेळीं, ५ मार्च १८५४ रोजीं, फादर जेरल्ड वॉर्ड ह्यांनीं तेथील संत फ्रान्सिस मंदिरांत त्या देशांतील पहिली शाखा स्थापिली. पुढें त्याच शहरांत, ओझानामच्या मृत्यूच्या शताब्दीच्या सालीं, म्हणजे १९५३ मध्यें, सोसायटीनें बेघर पुरुषांसाठीं ओझानाम हाउस उघडलें. ज्याला स्वतःचें दार नाहीं त्याच्यासाठीं आपणच दार उघडावें, हें त्या प्रश्नाचें उत्तर होतें.

तथापि दानानें सारें भागतें असें ओझानामनें कधीं मानिलें नाहीं. तो ज्या ल्यों शहरांत वाढला, तेथील रेशीम विणकरांनीं मजुरीपायीं १८३१ व १८३४ सालीं बंडें केलीं होतीं. पुढें १८३९-४० च्या सुमारास त्याच शहरांत कायदा शिकवितांना त्यानें प्रतिपादिलें कीं, मजुरी एवढी असावी कीं तींत कामकऱ्याचा निर्वाह, मुलांचें शिक्षण व म्हातारपणाची सोय व्हावी. कामकऱ्यास रास्त मजुरी न देतां नाताळांत त्याला घोंगडी देणारा मनुष्य दानशूर नव्हे, असा ह्याचा अर्थ आम्ही समजतों.

८ सप्टेंबर १८५३ रोजीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ओझानाम निवर्तला. दुसरे पोप जॉन पॉल ह्यांनीं २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पॅरिस येथें त्याला, व २००३ सालीं भगिनी रोझालींना, धन्य म्हणून घोषित केलें. आज ही संस्था सुमारें १५० देशांत आहे.

वाचकहो, पॅरिसमधील तो टोमणा अजून शिळा झालेला नाहीं. आपल्याहि सीमेंत भाडें थकलेली खोली आहे, पुलाखालीं पथारी आहे. सोसायटीची पिशवी आपणांपुढें येईल तेव्हां आपण तींत हात घालावाच. परंतु सभासदांस एवढेंहि विचारावें कीं, ह्या आठवड्यांत कोणता जिना चढावयाचा आहे, आणि तुमच्याबरोबर दुसरा कोणी आहे काय?