मूळ प्रत कोणती?

मंडळी, टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स काढलं. ली फॉकचा फँटम पुढे मराठीत आला तो वेताळ होऊन. आम्ही नागपुरात शाळकरी होतो. आमचा गठ्ठा आईने रद्दीत घातला, आता काय बोलायचं! पुढे तत्त्वज्ञान शिकवता शिकवता सीताबर्डीच्या फुटपाथवर तेच अंक धुंडाळत राहिलो. आता बघा, संग्राहक चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र मोलाचं मानतात. बरोबरच आहे, ते एकच असतं. पण हजारोंनी छापलेल्या अंकांपैकी आमच्याकडच्या एकावर कुण्या अनोळखी पोराने शाईने नाव लिहिलंय, खाली 'इयत्ता सहावी'. तो आम्ही कुणालाच देत नाही. आमच्या नावाचा अंक अजून सापडलेला नाही.