गुरुत्वमध्याची कुळकथा: लाइपझिग ते हरसूल

1889 साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ब्राउने या शरीररचनातज्ज्ञाने आणि ओटो फिशर या गणितज्ञाने एक प्रबंध प्रसिद्ध केला. पूर्ण सरंजाम चढवलेल्या पायदळ शिपायाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे असतो, हा त्याचा विषय. त्यासाठी त्यांनी मृतदेह गोठवून लाकडासारखे ताठ केले, त्यांत पोलादी सळया आरपार ठोकल्या आणि देह वेगवेगळ्या बाजूंनी टांगून पाहिले. मग सांध्यांशी करवत चालवली आणि मांडी, पोटरी, पाऊल, दंड अशा एकेका भागाचं वजन आणि गुरुत्वमध्य मोजला.

अंगावर काटा आणणारं हे काम आहे, पण पुढच्या सगळ्या गणिताचा मूळपुरुष मी यालाच मानतो. तरफेचा नियम आणि त्रिकोणाचा गुरुत्वमध्य आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मांडला होता. सतराव्या शतकात इटलीच्या बोरेल्लीने माणसाला फळीवर आडवं निजवून, फळी धारेवर तोलून त्याचा गुरुत्वमध्य शोधला. पण ते उत्तर त्या एकाच अवस्थेचं. माणसाने हात वर केला की ते चुकलं! लाइपझिगच्या जोडीने देहाला सुट्या भागांची साखळी मानलं. भागाचं वजन बदलत नाही, बदलते फक्त त्याची जागा. प्रत्येक वजनाला त्याच्या जागेने गुणा, बेरीज करा, एकूण वजनाने भागा. माणूस चालत असला तरी क्षणाक्षणाचा गुरुत्वमध्य हाती येतो.

1955 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात डेम्पस्टरने हवाई दलासाठी अशीच मोजमापं पुन्हा केली. पुढे सत्तरच्या दशकात त्याच विद्यापीठात मिल्टन चेस, ओर्लांदिया या मंडळींच्या संशोधनातून ‘अ‍ॅडम्स’ ही संगणकप्रणाली उभी राहिली. सांध्यांनी जोडलेल्या अनेक भागांच्या यंत्राची हालचाल ती सोडवते. अशा प्रणालीत एकेका भागाचा गुरुत्वमध्य आयता मिळतो. पण संपूर्ण जुळणीचा गुरुत्वमध्य हलताना कुठून कुठे जातो, हे हवं असेल तर तीच जुनी बेरीज दर पावलाला करावी लागते.

आता हीच बेरीज त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल पट्ट्यात करून पाहू. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरूनच येतं. बाई दीड मीटर उंच, वजन 45 किलो धरू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 82 सेंटिमीटरवर, म्हणजे ओटीपोटाशी. चुंबळीवर 15 किलोचा भरला हंडा ठेवला, त्याचा मध्य 170 सेंटिमीटरवर, की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य 104 वर चढतो. त्यावर 10 किलोची कळशी आली की 117 वर, थेट छातीशी. पायाखाली दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटरचाच आधार असेल, तर रिकामी बाई साडेतीन अंश कलेपर्यंत तोल सांभाळू शकते. हंडा-कळशी घेतल्यावर अडीच अंशांतच तोल जातो. शिवाय पाणी हिंदकळलं की त्याचा मध्यही सरकतो. म्हणून बाया हंड्यात पानांची डहाळी टाकतात. पाण्याच्या लाटेला तिने आळा बसतो.

ही गोष्ट कागदावरची नाही. याच तालुक्यातल्या खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन येत-जात. छायाचित्रं गाजली, जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल आला आणि त्याच वर्षीच्या जुलैच्या पुरात वाहून गेला. शिपायाच्या पाठीवरच्या ओझ्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी देह चिरले गेले, वैमानिकांसाठी पुन्हा मोजणी झाली. डोक्यावर हंडा असलेल्या बाईचा हिशेब साकव बांधताना कुणी मांडायचा?

माझं म्हणणं साधं आहे. मीटरभर उंचीचा कठडा रिकाम्या माणसाला अडवतो. हंडा-कळशी घेतलेल्या बाईचा गुरुत्वमध्य त्याच्यावर 17 सेंटिमीटर राहतो, ती कठड्यावरून पलीकडे कलंडू शकते. पाड्यांवरचे साकव आखणाऱ्या अभियंत्यांनी नकाशावर भरल्या हंड्यासह चालणारी बाई काढावी आणि कठडा सव्वा मीटरच्या खाली ठेवू नये.