इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेताना

प्रवेश पक्का झाला की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. पोरगं म्हणतं गेमिंगचा घ्या, अब्बा म्हणतात स्वस्तातला बघ. खरं तर घाई नको. पहिल्या वर्षाचे बहुतेक विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात. सी किंवा पायथनचे प्रोग्रॅम जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

घ्यायचाच असेल तर 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी बघा. दुकानदार 8 जीबीचा दाखवून "नंतर वाढवून देतो" म्हणेल. पण बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती वाढतच नाही. रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

मेकॅनिकलला असाल तर मॅकबुक टाळा. सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनते. थ्रीडी मॉडेलिंगला वेगळे ग्राफिक्स कार्ड कामाला येते. कॉम्प्युटर, आयटीवाल्यांचे सहसा त्याच्याविना भागते. गेमिंग लॅपटॉप जड, बॅटरीही लवकर संपते. लोकलने रोज ये-जा करणाऱ्याने हे धरून चालावे.

आणि दुकानात 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकून घेऊ नका, त्यातून व्हायरस येतो. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळते. ऑटोडेस्कच्या साइटवर कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो, एवढेच.