खोट्या नाण्याचे कोडे

खोट्या नाण्याचे कोडे : दिसायला सारख्या असलेल्या नाण्यांमधून वजनात फरक असलेले एकमेव खोटे नाणे दोन पारड्यांच्या तराजूने, कमीत कमी वेळा तोलून हुडकण्याचा तर्कप्रश्न. वजनमापे वापरायची नसतात. नाणी नाण्यांशीच तोलायची.

ई. डी. शेल यांनी जानेवारी १९४५ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त मांडलेल्या प्रश्नात आठ नाणी होती. त्यांत फार तर एक हलके. ते आहे का आणि असल्यास कोणते, हे दोन तोलण्यांत सांगायचे. प्रसिद्धी मात्र बारा नाण्यांच्या कोड्याला मिळाली. त्यात खोटे नाणे जड की हलके हेही ठाऊक नसते आणि तोलण्या फक्त तीन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेतील शास्त्रज्ञांचा या कोड्यात इतका वेळ गेला, की शत्रूचेही काम खोळंबावे म्हणून ते जर्मनीवर टाकावे, अशी थट्टा होत असे.

तराजू दर वेळी तीनपैकी एक उत्तर देतो : डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही समतोल. म्हणून तीन तोलण्यांत २७ निकाल संभवतात, तर बारा नाण्यांच्या शक्यता २४. नवखा माणूस बहुधा सहास सहा तोलतो आणि तिथेच फसतो : समतोल होणे अशक्य असल्याने एक उत्तर वाया जाते, आणि उरलेल्या १२ शक्यता दोन तोलण्यांच्या ९ निकालांत मावत नाहीत.

पहिल्यांदा १ ते ४ विरुद्ध ५ ते ८ तोलावीत. समतोल झाल्यास ९, १०, ११ ही नाणी तीन खऱ्या नाण्यांशी तोलावीत. पुन्हा समतोल झाल्यास १२ वे खोटे, ते खऱ्याशी तोलले की जड-हलकेपण कळते. नाही तर तिघांचा कल कळलेला असतो, मग ९ विरुद्ध १०. खरी गंमत पहिला तोल बिघडल्यावर. समजा, डावे पारडे खाली गेले. आता १, २, ५ विरुद्ध ३, ४, ६ तोलावीत. ७ व ८ बाजूला. ५ व्या आणि ३-४ थ्या नाण्यांनी पारडी बदलली, हीच युक्ती. समतोल झाल्यास ७ किंवा ८ हलके. डावे खाली गेल्यास १ किंवा २ जड, नाही तर ६ हलके. उजवे खाली गेल्यास ३ किंवा ४ जड, नाही तर ५ हलके. प्रत्येक वेळी दोन नाणी समोरासमोर ठेवली की निकाल लागतो.

पुढे पदार्थवैज्ञानिक म्हणून गाजलेल्या फ्रीमन डायसन यांनी १९४६ मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये सर्वसाधारण उकल दिली : तीन तोलण्यांत १२, चारांत ३९, पाचांत १२० नाणी. तेरा नाण्यांतले खोटे तीन तोलण्यांत सापडते, पण ते जड की हलके हे दर वेळी सांगता येत नाही. एक खरे नाणे जादा मिळाले, तर तेही सांगता येते.