पोकेस्टॉप कुठे होतो? गेमच्या नकाशावर कोणती जागा येते आणि कोणती नाही

पुण्या-मुंबईत पोकेमॉन गो उघडलं की पावलोपावली निळे पोकेस्टॉप दिसतात. तोच फोन घेऊन सुट्टीत गावी गेलात की नकाशा एकदम रिकामा! देऊळ आहे, चावडी आहे, वाचनालय आहे, पण गेममध्ये काहीच नाही. मग हे ठरवतं कोण? आणि आपल्या गावातली जागा नकाशावर आणता येते का?

थोडक्यात उत्तर असं : यातल्या बऱ्याच जागा तुमच्या-आमच्यासारख्या खेळाडूंनी सुचवल्या आहेत, आणि त्या स्वीकारायचं काम करणाऱ्यांतही खेळाडू आहेतच. त्यासाठी ठरलेले नियम आहेत. ते नीट समजून घेऊया.

नकाशा आला कुठून?

२०१० मध्ये गुगलच्या आत नायांटिक नावाची टीम सुरू झाली. त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये इन्ग्रेस हा गेम आणला. त्यात खऱ्या जगातले पुतळे, स्मारकं, भित्तिचित्रं ही 'पोर्टल' असायची. सुरुवातीची पोर्टल ऐतिहासिक फलकांच्या आणि सार्वजनिक कलाकृतींच्या तयार माहितीतून आली. पुढे खेळाडू स्वतः फोटो काढून नवीन जागा पाठवू लागले.

जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आलं तेव्हा याच साठ्यातून पोकेस्टॉप आणि जिम तयार झाले. म्हणजे जिथे इन्ग्रेसचे खेळाडू फिरले होते, तिथे पोकेस्टॉप. जिथे कोणी फिरलंच नव्हतं, तिथे मोकळं मैदान.

हा फरक फक्त शहर आणि खेड्यातला नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूटने लॉस एंजेलिसचा अंदाज काढला. गोऱ्या लोकांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ पोकेस्टॉप, तर कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत फक्त १९. गेम मुद्दाम भेदभाव करत नव्हता. नकाशा भरणारे लोक जिथे राहत आणि फिरत होते, तेवढंच नकाशावर आलं होतं.

भारतात हा गेम डिसेंबर २०१६ मध्ये जिओसोबतच्या करारातून आला, तेव्हा रिलायन्सची काही दुकानंही पोकेस्टॉप झाली. अशा प्रायोजित जागा वेगळ्या. बाकी सगळ्यांना खालचे नियम लागतात.

जागा पात्र कधी ठरते?

जागा सुचवणं आणि तपासणं वेफेअरर या यंत्रणेतून होतं. ती २०१९ मध्ये सुरू झाली. तिथे तीन प्रश्न असतात. यातल्या एकाला तरी 'हो' उत्तर हवं :

१. ही जागा मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी आहे का? (किल्ला, बारव, जुनं देऊळ, पुतळा)
२. इथे लोक व्यायाम करतात किंवा खेळतात का? (ओपन जिम, मैदान, चालण्याचा ट्रॅक)
३. इथे लोक एकमेकांना भेटतात का? (बाग, वाचनालय, समाजमंदिर, गावातलं प्रसिद्ध खानावळीचं ठिकाण)

त्याशिवाय तीन अटी आहेत. जागा कायमस्वरूपी हवी, बोट दाखवून 'हीच ती' म्हणता येईल अशी ठळक हवी, आणि तिथे पायी सुरक्षित पोहोचता यायला हवं.

काय चालत नाही?

- खासगी घर, बंगला, शेत. दारातलं तुळशीवृंदावन कितीही सुंदर असलं तरी नाही.
- बालवाडी आणि शाळा. शाळेच्या आवारातला पुतळासुद्धा नाही.
- ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल किंवा पोलिसांच्या कामात अडथळा येईल अशी जागा.
- जिथे उभं राहायलाच धोका आहे अशी जागा, उदाहरणार्थ रस्त्याच्या मधला दुभाजक.
- तात्पुरत्या गोष्टी. गणपतीचा मांडव दहा दिवसांनी उतरतो, फ्लेक्स त्याआधीच फाटतो. मंडळाचं कायमचं मंदिर असेल तर ते पात्र ठरू शकतं.
- नुसती निसर्गातली गोष्ट. गावाबाहेरचं वडाचं झाड सहसा नाकारलं जातं. त्याला बांधीव पार असेल आणि तिथे लोक बसत असतील, तर तुम्ही पार सुचवू शकता.

सोसायटीचं काय? एकाच कुटुंबाचं घर चालत नाही. मोठ्या सोसायटीची सामाईक बाग मात्र चालू शकते.

एवढे कडक नियम कशासाठी?

कारण नकाशावरचा ठिपका खरी माणसं खेचून आणतो. जुलै २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात लोक पोकेमॉन पकडू लागले, तेव्हा आम्हाला गेममधून वगळा अशी मागणी संग्रहालयाला करावी लागली. हिरोशिमा शहरानेही शांतता स्मारक उद्यानासाठी तीच मागणी केली. ६ ऑगस्टच्या श्रद्धांजलीआधी तिथले पोकेस्टॉप काढले गेले.

घरांचा त्रास वेगळाच होता. अनोळखी लोक कुंपणापाशी घुटमळतात म्हणून अमेरिकेतले घरमालक कोर्टात गेले. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने मान्य केलं की एका कुटुंबाच्या घरापासून ४० मीटरच्या आतल्या ठिपक्याबद्दल घरमालकाची तक्रार आली, तर ती साधारण १५ दिवसांत सोडवण्याचा प्रयत्न करू.

आपल्याकडेही सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर नोटीस काढली होती. देवळांमध्ये गेममधली अंडी दिसतात, त्यामुळे भावना दुखावतात, अशी ती तक्रार होती. आजही प्रार्थनास्थळं पात्र आहेत. पण रात्री अकरा वाजता देवळासमोर दहा जण फोन घेऊन उभे राहिले तर पुजाऱ्याला काय वाटेल, हा विचार सुचवणाऱ्यानेच करायचा.

मंजूर झालं, तरी दिसत का नाही?

हा प्रश्न खूप जणांना पडतो. पोकेमॉन गो पृथ्वीचे छोटे चौकोन पाडतं, त्यांना एस-टू सेल म्हणतात. खेळाडूंनी निरीक्षणातून शोधलेला हिशोब असा आहे : १७ व्या पातळीच्या एका सेलमध्ये, म्हणजे साधारण ७०-८० मीटरच्या चौकोनात, एकच पोकेस्टॉप किंवा जिम दिसतो. त्यामुळे देऊळ आणि शेजारची दीपमाळ दोन्ही मंजूर झाली तरी गेममध्ये एकच येईल. इन्ग्रेसचा नियम वेगळा आहे, तिथे अंतर साधारण २० मीटर लागतं. म्हणून एका गेममध्ये न दिसलेली जागा दुसऱ्यात दिसू शकते.

नॉमिनेशन कसं लिहायचं?

गेममध्ये ठराविक लेव्हल गाठली की नवीन जागा सुचवता येते. जागेचा फोटो, आजूबाजूचा परिसर दाखवणारा दुसरा फोटो, नाव, वर्णन आणि नकाशावरची नेमकी जागा द्यावी लागते. काही तपासणी आता संगणक करतो, बाकीची इतर खेळाडू. खरी अडचण इथेच आहे : तपासणाऱ्याने तुमचं गाव पाहिलेलंच नसतं.

माझं पहिलं नॉमिनेशन आमच्या गावच्या वेशीवरच्या वीरगळाचं होतं. नाव दिलं 'जुना दगड', फोटो संध्याकाळचा, अंधुक. अर्थातच नाकारलं गेलं, आणि चूक माझीच होती. तपासणाऱ्याला खरंच एक जुना दगडच दिसला असणार.

दुसऱ्यांदा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला, कोरीवकाम स्पष्ट दिसेल असा. वर्णनात लिहिलं की वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरं राखताना मेलेल्या वीराची स्मारकशिळा. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. या वेळी मंजूर झालं. दगड तोच होता, फक्त मी तो नीट सांगितला.

तेव्हा पाठवण्याआधी एवढं तपासा :

- फोटो स्वतःचा, उजेडातला. माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट नकोत.
- नावात पूर्ण ओळख. 'मंदिर' नको, 'भैरवनाथ मंदिर' लिहा.
- वर्णनात ही जागा काय आहे आणि लोक इथे का येतात ते सांगा. 'इथे पोकेस्टॉप हवा' हे कारण नाही.
- पिन अगदी खऱ्या जागेवर. घरबसल्या खेळता यावं म्हणून ठिपका सरकवला तर नॉमिनेशन जातंच, शिवाय खात्यावर कारवाई होऊ शकते.

गावाचा नकाशा रिकामा दिसतो, याचा अर्थ तिथे पाहण्यासारखं काही नाही असा नाही. ते अजून कोणी लिहून पाठवलेलं नाही, एवढाच. पाठवण्याआधी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा : उद्या इथे वीस अनोळखी मुलं आली, तर आसपासच्या लोकांना चालेल का? उत्तर 'हो' असेल, तर फोटो काढा.