पामतेलाचा कर आणि आपलं सोयाबीन

परदेशी करारांचा विषय निघाला की बांधावर एकच वाक्य ऐकू येतं, "करारानं शेतकरी मारला." खाद्यतेलाचा इतिहास बघितला तर दोष निम्माच कराराचा निघतो.

१९८६ ला तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. त्या करारात भारतानं पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत आयात कर लावायचा हक्क राखला होता. सोयातेलावर मात्र ४५ टक्केच. तरी १९९८ ला पामतेलावर प्रत्यक्षात कर होता १५ टक्के. कुंपणाची परवानगी डोक्याएवढी, घातलं गुडघ्याएवढं!

१३ ऑगस्ट २००९ ला आसियान देशांशी करार झाला. कच्च्या पामतेलावरचा कर दहा वर्षांत ८० वरून ३७.५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. पण सरकारनं २००८ लाच तो शून्य केला होता. पुढं कर वाढवला तेव्हा कराराची दोरी आवळली. १ जानेवारी २०२० ला तो ४० वरून ३७.५ वर आणावाच लागला.

पामतेलाचा आपल्या सोयाबीनशी संबंध काय? सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. मिलवाला दोन्हीचा हिशेब घालून भाव काढतो. बंदरावर स्वस्त पामतेल उतरलं की सोयातेल पडतं आणि त्याच्यामागं आपला दर. गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं, हेही खरं. पण आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं.

ताजा हिशेब बघा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचा मूळ कर शून्यावरून २० टक्के झाला. २८ मे २०२५ ला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये ठरला, आणि ३० मे ला तोच कर १० टक्क्यांवर आला. पेरणीच्या तोंडावर! यात कोणताही करार आडवा आला नव्हता.

म्हणून नव्या करारांवर लक्ष ठेवाच, पण मागणी नेमकी करा. पेरणीपासून मळणीचा माल विकेपर्यंत आयात कर खाली आणू नका. आणि वहीत पावसाच्या नोंदीशेजारी कर बदलल्याची तारीखही लिहीत चला. दर का पडला, हे मग कुणाला विचारायला लागत नाही.