आगगाडी न पाहिलेला वर्ग

माझे आजोबा, आबा, 1960 च्या दशकात तोरणमाळला मास्तर म्हणून गेले. शहाद्यातल्या नातेवाइकांच्या लेखी ही बदली नव्हतीच, शिक्षा होती. सातपुड्यात साधारण 1150 मीटर उंचीवरचं ते पठार. बरीचशी वाट पायीच तुडवायची. आबांच्या गोष्टींत मात्र शाळा कमी आणि पाडे जास्त.

पहिला दगा दिला तो अंकलिपीनं. ‘क कमळाचा’ म्हटलं की पोरं खूश, कारण कमळांचं तळंच तिथं होतं. ‘आ आगगाडीचा’ आला आणि वर्ग गप्प. आगगाडी धावायची ती खाली तापीखोऱ्यात, सुरत-भुसावळ मार्गावर. ती पाहिलेलं पोर वर्गात एकही नव्हतं. पोरं घरी पावरी बोलत, मास्तर अहिराणी, आणि पुस्तक पुण्याची मराठी. “मी बोलू तवर पोरं माना डोलावत. समजे फक्त सुट्टीची घंटा,” आबा हसत सांगायचे.

त्यांची स्वतःची शाळा घंटेनंतर भरे. पावसाच्या तोंडावर खोपीचा कुड पडला, तेव्हा पाड्यावरची माणसं लाह करून आली. लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा, मजुरी नाही, जेवण त्याच्याकडे. पुढं दुसऱ्याच्या कामाला त्यानं जायचं. आबांनीही कोयता उचलला आणि बांबू वेडावाकडा चिरला. म्हाताऱ्या गावडायानं, म्हणजे गावच्या जाणत्यानं, न बोलता कोयता काढून घेतला, एक बांबू सावकाश चिरला, कोयता परत दिला. दुसराही बिघडला, तेव्हा पुन्हा तेच. रागावणं नाही, ‘समजलं का?’ नाही. “ट्रेनिंगला दोन वर्षं घालवली, पण गप्प बसून शिकवायचं कसं, ते तिथं कुणी सांगितलं नव्हतं,” असं आबा म्हणत. चुलीवर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली असत, धुरानं कीड लागू नये म्हणून. त्यातलं बियाण्याचं कणीस बाई निवडे आणि तिची पोर शेजारी बसून नुसती बघे. धडा तेवढाच.

या गोष्टी ऐकून शहरातले पाहुणे भारावून जात, मग आबा चिडत. हात कितीही कसबी असला, तरी सावकाराच्या कागदावर तोच हात अंगठा उठवत होता. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर कितीतरी आदिवासींच्या जमिनी अशाच गेल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना त्या परत मिळवण्यासाठीच उभी राहिली. त्याआधी 1930 च्या दशकात तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी पाटी-पुस्तकाशिवाय हजारोंना दारू सोडायला शिकवलं होतं. आबांचे वडील त्यांच्याविषयी आदरानं बोलत, पण जमिनीचा उतारा वाचायला तेवढ्यानं येत नाही, असंही म्हणत. मला हे दोन्ही पटतं.

अंकलिपीच्या अडचणीवर उत्तर निघालं ते पुढं, नर्मदेकाठी. सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनानं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. चिमलखेडी, निमगव्हाण ही त्यांतली आधीची नावं. पोरांना पावरी-भिलोरीतून अक्षर दिलं, गावातलीच तरुण मुलं गुरुजी झाली, झाडपाला आणि गावच्या गोष्टी वर्गात आल्या. आबा तोवर निवृत्त झाले होते. पेपरात वाचून म्हणाले, “एवढी साधी अक्कल मला का नाही सुचली?” मला वाटतं, सुचली असती तरी साहेबानं तपासणीत लाल रेघ ओढली असती.

आता तोरणमाळला जिल्हा परिषदेची मोठी निवासी शाळा आहे. दूरच्या पाड्यांवरची मुलं तिथं राहतात, जेवतात, संगणकावर बोटं चालवतात. ही सोय खरीच मोठी. पण वर्षातला बहुतेक काळ घराबाहेर राहणाऱ्या मुलीनं बियाण्याचं कणीस निवडताना कुणाकडे बघायचं, हे कुठल्याच वेळापत्रकात नाही. निदान होळीला तरी लांब सुट्टी द्यावी. या डोंगरात दिवाळीपेक्षा होळी मोठी. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार लागले की वर्ग आपोआप रिकामे होतात आणि गैरहजेरीची ओरड सुरू होते. त्या दिवसांत आबाही शाळेत नसायचे. ते पाड्यावर ढोलाच्या मागं असायचे. हजेरीपटावर काय लिहीत, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण छापायला आजीची परवानगी नाही.